बेगमीची गांडुळं

उत्तर समुद्रातला कॉड 2026 साली मुळीच पकडू नये, असा सल्ला आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेने दिला, तेव्हा चर्चा रंगली ती ट्रॉलर आणि कोट्याची. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाची आठवण कुणाला झाली नाही. त्याच्या घरच्या फ्रीझरमध्ये मात्र याच माशासाठी केलेली बेगमी असते: काळ्या लगवर्मची, म्हणजे ओहोटीच्या रेतीत खोल राहणाऱ्या समुद्री गांडुळांची पुडकी. गोठवलेलं वाया जात नाही, म्हणून कमी खणावं लागतं आणि किनारा वाचतो, असं गळवाल्यांच्या जगात वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे निम्मंच खरं आहे.

काम दिसतं सोपं, पण हात बसावा लागतो. डोक्याकडचं टोक चिमटीत तोडायचं आणि अंग दाबत आतडी, रक्त, रेती बाहेर काढायची. त्या रसाने बोटं पिवळी होतात आणि धुतली तरी लवकर सुटत नाहीत. उरते ती चिवट, रिकामी नळी. ती वर्तमानपत्रावर टिपून, एकीला दुसरी चिकटणार नाही अशी कागदात गुंडाळायची आणि होईल तितक्या लवकर गोठवायची. गोठण रेंगाळलं तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात. म्हणूनच उथळ रेतीतला ब्लो लग या कामाला नालायक. मऊ, पाणीदार अंगाचा तो जीव वितळला की चिखल होतो. तो ताजाच वापरावा लागतो. आगोटीच्या आधी सुके बोंबील भरून ठेवणाऱ्या कोकणी घराला हा फरक सांगावा लागणार नाही: टिकतं तेच साठवलं जातं, आणि साठवता येतं ते गरजेपेक्षा जास्त आणलं जातं.

फ्रीझर घरोघरी येण्यापूर्वीच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. खणलं, दोन-चार दिवसांत वापरलं, उरलं ते सडलं. खरा इतिहास 1984 ते 1993 या दशकाचा. 1984 च्या हिवाळ्यात नॉर्दम्बरलँडच्या बडल बे या खाडीत विक्रीसाठी खणणाऱ्यांनी सहा आठवड्यांत सुमारे 40 लाख लगवर्म उपसले. चौरस मीटरला 40 असलेली संख्या एकाखाली आली. ही खाडी लिंडिसफार्नच्या निसर्ग राखीव क्षेत्रातली, तेव्हा गळवाले आणि पक्षीवाले यांची जुंपली, आणि दोन्हीकडून भरपूर एकांगी बोललं गेलं. गळवाल्यांच्या बाजूने एक वस्तुस्थिती होती: काही महिन्यांत आजूबाजूच्या रेतीतून गांडुळं पुन्हा आली. पण हॉलंडच्या वाडन समुद्रात यंत्राने केलेल्या उपशाचा 1995 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. तिथे साठा पूर्ववत व्हायला काही वर्षं लागली. शेजारची रेती शाबूत असेल तरच भरपाई लवकर होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बडल बेमधला उपसा ताज्या ब्लो लगचा होता, मग फ्रीझरला दोष कसा द्यायचा? तो उपसा फ्रीझरचा नव्हताच, बाजाराचा होता. पण 1993 मधल्या अँडरसन विरुद्ध अ‍ॅल्निक जिल्हा परिषद खटल्यात न्यायालयाने जी रेघ ओढली, ती फ्रीझरनेच पुसट केली. आमिष खणण्याचा हक्क मासेमारीच्या सार्वजनिक हक्काला जोडूनच येतो, मात्र तो स्वतःच्या वापरापुरता, विक्रीसाठी नाही, असा त्याचा आशय. निकाल शहाणपणाचाच, पण ‘स्वतःपुरतं’ किती, हे फ्रीझर येईपर्यंत सडण्याने ठरत आलं होतं. चार दिवसांत संपेल तेवढं स्वतःचं. वर्षभराचा साठा उणे 18 अंशांवर ठेवता आला की तीच सबब शेकड्यांनाही चालते. आणि गोठवण्याजोगा काळा लग ही वेगळी जात आहे, हे शास्त्राने नोंदवलं तेसुद्धा 1993 मध्येच. त्याआधीच्या मोजण्यांमध्ये दोन्ही जाती एकाच नावाखाली गेल्या, म्हणजे जिच्यावर साठवणीचा भार पडतो तिचाच जुना हिशेब सर्वांत कच्चा.

मत्स्यशेतीसारखी गांडुळांची शेती आहेच की, असंही म्हटलं जातं. नॉर्दम्बरलँडमध्ये वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर रॅगवर्म ही दुसरी समुद्री गांडुळं वाढवली गेली, ती त्याच दशकात. उपक्रम चांगला, पण रॅगवर्म म्हणजे काळा लग नव्हे. हिवाळ्यात कॉडच्या मागे असलेल्याला हवा असतो तो काळाच. गोठवण्याला माझा विरोध नाही. उरलेलं सडवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मात्र एका ओहोटीला किती खणायचं हे आकड्यात ठरवावं, ‘स्वतःपुरतं’ या शब्दावर सोडू नये, आणि दुकानातल्या गोठवलेल्या पाकिटावर किनाऱ्याचं नाव छापण्याची सक्ती करावी.