ड्रेडलॉक्स आणि जट: केस धुवायचे की नाही?

नवे ड्रेडलॉक्स धुतले तर सुटतील, ही भीती नेहमीची. वाईसारख्या गावात घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो: "ही देवीची जट तर नाही ना?"

गुंतलेले केस म्हणजे यल्लम्माचं बोलावणं, हा समज सातारा-सांगली भागात जुना आहे. अशी जट कापत नाहीत, विंचरत नाहीत, धुणंही टाळतात. वर भंडारा पडत राहतो. मग ती जड होते, मान दुखते, उवा होतात. याच समजातून मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत काढून जट कापतात. खरं कारण साधंच: न विंचरलेले केस, तेल आणि धूळ.

ड्रेडलॉक्स हाही गुंताच, पण मुद्दाम केलेला. म्हणून तो धुवायलाच हवा. साधारण आठवड्यातून एकदा पाण्यात पातळ केलेला शाम्पू बोटांनी टाळूला लावा. लटा चोळू नका, नव्या लटा त्यानेच सुटतात. फक्त दाबून फेस काढा. तेल, मेण नको. वाईच्या पावसाळ्यात सकाळीच धुवा, कारण ओल्या लटा घेऊन झोपलं की आत कुबट वास धरतो.