सेवेस गेलेला वैद्यच रुग्ण होतो तेव्हा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा प्रारंभ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीत, गंगेच्या काठी, उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात शिष्यांसह वनात फिरत असता भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात की, निसर्गात विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत, तेव्हा भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. परीक्षेत प्रश्न येई तो वायू, उदक, देश व काल या चार भावांवर. औषधी ‘आधी’ गोळा करण्याची सूचना आपण बहुधा प्रस्तावना समजून ओलांडून जातो.

तिची आठवण होण्यास एक प्रसंग कारण झाला. गारखेडा परिसरात, सूतगिरणी चौकाजवळ आम्हा वैद्यमंडळींची मासिक बैठक भरते. मागील बैठकीत दोन तरुण वैद्यांनी नेपाळच्या डोंगराळ भागात पंधरा दिवसांच्या आरोग्य शिबिरासाठी जाण्याचा मानस व्यक्त केला. टाळ्या झाल्या. त्यांपैकी एकाचे वडील, निवृत्त शिक्षक, मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, “तिथे पुन्हा भूकंप झाला, तर या मुलांना कोण पाहील?” सभेत क्षणभर कोणीच बोलले नाही. मी स्वतः चहा आणायला सांगून वेळ मारून नेली, हे कबूल करतो.

प्रश्न काल्पनिक नव्हता. २५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच धक्क्याने पुमोरी शिखराच्या बाजूने सुटलेला हिमप्रपात एव्हरेस्टच्या पायथ्याच्या छावणीवर कोसळला. तेथे सुमारे ५,३०० मीटर उंचीवर हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे तंबूतील रुग्णालय २००३ पासून दर गिर्यारोहण हंगामात चालत आले आहे. देशोदेशींचे चिकित्सक त्यात सेवाभावाने काम करतात. बर्फापेक्षाही त्याच्या पुढे धावलेल्या हवेच्या लोटाने अधिक घात केला. माणसे उचलली जाऊन खडकांवर आपटली. रुग्णालयाचा तंबूच उद्ध्वस्त झाला.

न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या एक महिला चिकित्सक त्या हंगामात तेथे होत्या. त्यांच्या स्वतःच्या पायाला गंभीर इजा झाली होती. छावणीच्या खालच्या भागातील, बचावलेल्या भोजनाच्या तंबूंत रुग्णालय थाटले गेले आणि त्यांनी तशा अवस्थेत रात्रभर जखमींना सांभाळले. स्वतःची जखमही स्वतःच शिवली. योगायोगाने भारतीय लष्कराचे एक पथकही तेथेच होते. ते शिखर गाठण्याबरोबरच एव्हरेस्टवरील चार हजार किलो कचरा खाली आणण्याच्या संकल्पाने गेले होते. स्वच्छतेसाठी गेलेली ही माणसे घटकाभरात प्रेते उचलू लागली व पथकाचे वैद्यकीय अधिकारी मेजर रितेश गोयल जखमींवर उपचार करू लागले. हेलिकॉप्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

आपल्या शहरास त्या छावणीचे नाव परके नाही. तत्कालीन औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातील शेख रफीक यांना २०१४ मध्ये हिमप्रपातामुळे आणि २०१५ मध्ये या भूकंपामुळे मोहीम सोडावी लागली होती. मे २०१६ मध्ये त्यांनी शिखर गाठले.

खुड्डाकचतुष्पाद अध्यायातील चिकित्सेचे चार पाद या रात्रीवर ठेवून पाहावेत. भिषक् स्वतः रुग्ण झालेला. द्रव्याचा पहिला गुण ‘बहुता’, म्हणजे विपुलता. ते बर्फाखाली गाडलेले. उपस्थाता म्हणजे परिचारक. त्या जागी दोरखंड आणि कुऱ्हाडी हाताळणारे शेर्पा व गिर्यारोहक. आणि रुग्णाचा ‘अभीरुत्व’ हा गुण, निर्भयता, तो भूमी पुन्हा पुन्हा हादरत असता कोणाकडून अपेक्षावा? तरीही तेथे उपचार झाले, कारण त्या चिकित्सकांना उणे तापमान, विरळ हवा आणि मोजकी साधने यांचा सराव होता व तंबूंत अन्न, इंधन, झोपण्याच्या पिशव्या शिल्लक होत्या. केवळ सेवाभाव घेऊन गेलेल्या पथकाचे काय झाले असते, याचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे निजलेल्यांवर बसली. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. आम्ही काही मित्र एका मालमोटारीतून औषधे घेऊन निघालो. औषधे पुष्कळ होती; चूर्णे, काढे, वातावरील तेले. तंबू नव्हता, पिण्याचे पाणी दीड दिवसाचे, कोरडे अन्न जवळजवळ नाही. पाऊस सुरू झाला. चूर्णाची पोती भिजली. तिसऱ्या दिवशी मला अतिसार झाला आणि जखमींसाठी आणलेल्या दोन खाटांपैकी एकीवर मी पडून राहिलो. ज्या घरातून तीन प्रेते निघाली होती, त्या घरच्या बाईने चिखलात तीन दगड मांडून आमच्यासाठी भाकऱ्या भाजल्या. आम्ही त्या खाल्ल्या. इतक्या वर्षांत हा प्रसंग मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगितला नव्हता.

परदेशात तर भाषा, पाणी आणि वाट तिन्ही अनोळखी असतात. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेतील लिन विद्यापीठाचे बारा विद्यार्थी व दोन प्राध्यापक गरिबांच्या सेवेसाठी तेथे गेले होते. निवासाचे हॉटेल कोसळून चार विद्यार्थी व दोन्ही प्राध्यापक गेले. त्याच देशात ऑक्टोबरमध्ये उद्भवलेल्या पटकीने पुढे सुमारे दहा हजार बळी घेतले. तिचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या मैल्यात होता. उदकदुष्टी मदतीला आलेल्यांच्या छावणीतूनही होऊ शकते, हे त्यातून दिसले. म्हणून पथकाच्या शौचकूपाची जागा हा किरकोळ विषय नव्हे.

नेपाळातच १७ दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. त्या दिवशी मदतकार्यातील अमेरिकी हेलिकॉप्टर डोंगरात कोसळून सहा मरीन, दोन नेपाळी सैनिक व पाच गावकरी मृत्युमुखी पडले. पहिला धक्का ओसरला म्हणजे भूमी शांत झाली असे नसते. तडा गेलेल्या इमारतीत केवळ गादी चांगली म्हणून झोपणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत.

या साऱ्याचा विचार करून आम्ही त्या दोघांबरोबर गेल्या रविवारी पुन्हा बसलो. वादही झाला. एका ज्येष्ठांचे म्हणणे, एवढी भीती घातली तर कोणी सेवेस जाणारच नाही. माझे मत वेगळे पडले: स्वतःचे तीन दिवसांचे अन्नपाणी सोबत नसेल, तर आपत्तीच्या दिवशी आपण पीडितांच्या भांड्यातले खातो.

त्यांच्या सामानातून निम्मी चूर्णे काढली. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, क्षारसंजीवनी, निर्जंतुक पट्ट्या, हातमोजे, शिट्ट्या आणि दोन विजेऱ्या भरल्या. सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत वड, उंबर, पिंपळ, बांबू इत्यादींच्या कुशा सांगितल्या आहेत. बांबूच्या कुशा बांधण्याचा सराव दोघांनी एकमेकांच्या पायांवर केला, त्यात हसू बरेच झाले. ढिगाऱ्याखाली फार काळ दबलेला अवयव मोकळा झाल्यावर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असा रुग्ण शिबिरात ठेवू नये, मोठ्या रुग्णालयात पाठवावा, हे वहीत लिहून घेतले. त्याच वहीत रक्तगट, स्वतःचे आजार, काठमांडूतील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी, आणि मुक्कामी पोहोचताच भरायचा एक रकाना: जवळचे मोकळे मैदान कोणते.

शिक्षक महाशय याही वेळी आले होते. त्यांनी वही हातात घेऊन शेवटपर्यंत वाचली, मुलाच्या नावापुढे राहून गेलेला दम्याचा उल्लेख स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि दोन श्वसनयंत्रे पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवायला लावली.