उपचाराचा निर्णय आणि पतीची साथ

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टर पत्नीला विचारतात आणि उत्तर मात्र पती देतो, हे दृश्य नवे नाही. "काय काढायचे ते काढा, पण माणूस वाचवा," या उद्गारामागे मायाच असते. परंतु गाठ लहान असल्यास बहुधा दोन पर्याय असतात : संपूर्ण स्तन काढणे, किंवा केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार घेणे. या दोहोंत जगण्याची शक्यता सारखीच राहते, असे अमेरिका व इटलीतील २० वर्षांच्या पाहण्यांतून २००२ साली दिसून आले.

मात्र किरणोपचारासाठी साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे रुग्णालयात जावे लागते. दूरच्या खेड्यातील कुटुंबापुढे शहरातील मुक्काम, मुलांची शाळा, पेरणी असे प्रश्न उभे राहतात. पतीचे खरे काम येथेच सुरू होते. डॉक्टरांचे म्हणणे त्याने लिहून घ्यावे, निर्णयास किती दिवस थांबता येईल हे विचारावे, मुक्कामाची सोय पाहावी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. त्यानंतर पत्नीला शांतपणे विचारावे, "तुला काय वाटते?"

आणि ती सांगेल ते मनापासून स्वीकारावे. शरीर तिचे आहे. शेवटचा शब्दही तिचाच असावा.