कोब्याचे पहिले दहा दिवस

फलटण-बारामतीच्या पट्ट्यात मी घरं, गोठे आणि दूध संकलन केंद्रं बांधतो. कोबा घातला की दुसऱ्या दिवशी मालक हमखास विचारतात, "साहेब, कधी वाळणार?" मी म्हणतो, "अण्णा, तो वाळू द्यायचा नाहीये."

काँक्रीट सुकून कडक होत नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यातून जे अतिसूक्ष्म जाळं तयार होतं, ते वाळू-खडीला धरून ठेवतं. ओल आहे तोवर क्रिया चालू, ओल गेली की ठप्प. त्यातही ऊन-वाऱ्याने सगळ्यात आधी सुकतो तो वरचा थर, म्हणजे नेमका ज्यावर आपण आयुष्यभर चालणार तो. आयएस 456 हे मानक साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला किमान 10 दिवस ओल ठेवायला सांगतं. हवा कोरडी आणि उष्ण असेल, तर कुठल्याही सिमेंटला 10 दिवसांच्या खाली यायचं नाही. पीपीसीला 14 दिवस मिळाले तर उत्तम.

सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून मे महिन्यात भागत नाही, कारण भर दुपारी कोबा कोरडा ठणठणीत पडतो. कडेने आळी बांधून इंचभर पाणी तुंबवावं. टँकरच्या पाण्यावर काम असेल, तर ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिक टाकावं. पाणी पुष्कळ वाचतं.

उलट, माल कालवताना मात्र पाण्याला हात आखडता हवा. 50 किलोच्या गोणीला, वाळूतली ओल धरून, साधारण 25 लिटर पाणी पुरतं. ओढायला सोपा म्हणून माल ढिला केला, की जादा पाणी वर येतं. मग ते टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरून वरून घोटाई होते. त्या दिवशी कोबा आरशासारखा चकाकतो. काही महिन्यांनी त्यावर तळहात फिरवा: राखाडी पीठ हाताला लागतं, कोपऱ्यात पापुद्रे सुटलेले असतात. असा कोबा रोज झाडला तरी रोज धूळ निघते. मुळातच फार कच्चा नसेल, तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण मारून तो बराच सावरता येतो. हे द्रावण काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावतं आणि छिद्रं बुजवतं.

हा चुनाच कोब्याचा हळवा भाग. कुठल्याही जुन्या दूध संकलन केंद्रात कॅन ओततात ती जागा बघा. बाकी कोबा गुळगुळीत, पण तिथे सिमेंट झिजून खडी उघडी पडलेली. सांडलेलं दूध आंबतं, त्यातलं लॅक्टिक आम्ल चुना विरघळवतं आणि हळूहळू सिमेंटची पकडही सोडवतं. गोठ्यात मुरघासाचं पाणी हेच करतं. शहाबादी किंवा कोटा बसवूनही सुटका नाही, कारण ते चुनखडीचेच दगड. म्हणून अशा ठिकाणी मी मोरीकडे चांगला ढाळ देतो, सांडलं की लगेच धुवायला लावतो आणि मालकाला परवडलं तर आम्लरोधक टाइल्स सुचवतो.

घरात लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी सांडलं तर लगेच पुसावं. संडासाचं ॲसिड तर कोब्यावर कधीच ओतू नये. ओतल्यावर जो फेस येतो, तो कोबा विरघळत असल्याचा असतो. रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. तेल सांडलं तर आधी चुन्याची भुकटी पसरून ते शोषू द्यावं. लोणा फुटला असेल, तर कोरड्या ब्रशने झाडून ओल कुठून येते ते शोधावं. तो पाण्याने धुतला, तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात.

मला खरी चीड येते ती एकाच गोष्टीची. घोटाई संपली की गवंड्याची मजुरी चुकती होते आणि सगळे दुसऱ्या साइटवर जातात. पुढच्या दहा दिवसांचं पाणी कोणाच्याच हिशेबात नसतं. तेव्हा ठेकेदाराशी दर ठरवतानाच पाणी देणाऱ्या माणसाची मजुरी वेगळी लिहून घ्या, आणि कोब्याच्या बिलातली थोडी रक्कम अकराव्या दिवसापर्यंत हातात ठेवा.