खेळाबरोबर दिलेली छिन्नी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातले कॅरी हे गाव मराठी घरांना बहुधा नोकरीच्या निमित्ताने माहीत असते. शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क, गावातच सॅस ही सांख्यिकी सॉफ्टवेअरची मोठी कंपनी, भारतीय वस्ती भरपूर, वेंकटेश्वराचे देऊळही गावातच. या शांत गावात १९९९ साली मेरीलँडहून एक गेम कंपनी बिऱ्हाड हलवून आली. तिचे नाव होते एपिक मेगागेम्स. कॅरीला येताना त्यातला ‘मेगा’ गळला आणि ‘एपिक गेम्स’ एवढेच उरले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचा ‘अनरियल टूर्नामेंट’ हा गेम बाजारात आला. पीसीवरच्या गेमिंगचे दिवस भरत आले, असे तेव्हा बरेच जण म्हणत होते. ते निदान चुकले, कारण निदान करणाऱ्यांनी दुकानातल्या फळीवर किती खोकी आहेत तेवढेच मोजले. त्या खोक्यात खेळाबरोबर आणखी काय दिलेले आहे, हे त्यांनी पाहिले नाही. सहस्रक बदलताना पीसी गेमिंगची खरी ताकद त्या ‘आणखी काही’मध्ये होती, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅरीत सापडतो.

निराशेला आधार नव्हता असे नाही. सोनीचा प्लेस्टेशन टू हा कन्सोल मार्च २०००मध्ये जपानात आणि त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत आला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची घोषणा केली. टीव्हीला जोडा, डिस्क घाला, खेळा, एवढा सरळ मामला. पीसीवाल्याचे मात्र हाल होते. थ्रीडी कार्ड हवे, ते कोणते हा प्रश्न वेगळाच. थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डाची ग्लाइड नावाची स्वतःची भाषा, बाकीच्यांची डायरेक्टथ्रीडी किंवा ओपनजीएल. डिसेंबर १९९९मध्ये आलेला ‘क्वेक थ्री अरीना’ तर थ्रीडी कार्डाशिवाय चालतच नसे. आणि आज घेतलेले कार्ड उद्या कोणत्या अवस्थेत असेल याचा भरवसा नाही: १९९६पासून या बाजारावर राज्य करणाऱ्या थ्रीडीएफएक्सने डिसेंबर २०००मध्ये आपला गाशा एनव्हिडियाच्या हाती सोपवला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘थीफ’ आणि ‘सिस्टीम शॉक’ घडवणारा लुकिंग ग्लास हा स्टुडिओ बंद पडला. चांगले, विचारी गेम करणाऱ्यांनाच टाळे लागत असेल तर या धंद्याला भवितव्य काय, हा प्रश्न तेव्हा प्रामाणिकपणे विचारला गेला.

पण त्याच दोन-अडीच वर्षांत काय काय आले तेही पाहावे. १९९८च्या मार्चमध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आणि नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ’. पुढच्या वर्षी ‘एव्हरक्वेस्ट’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स टू’. २०००मध्ये ‘द सिम्स’, ‘डायब्लो टू’ आणि ‘डेयस एक्स’. यातले बहुतेक गेम वेगवेगळ्या जातींचे आहेत, आणि त्यातले अनेक आजही खेळले जातात. आजारी म्हटलेल्या धंद्याची ही लक्षणे नव्हेत. तरीही केवळ चांगल्या गेम्सची यादी हा माझा मुद्दा नाही. चांगले गेम कन्सोलवरही येत होते. पीसीवरच होऊ शकेल असे काय होते, ते पाहायला हवे.

त्यासाठी एपिकची सुरुवात पाहावी लागते. १९९१ साली टिम स्वीनी हा मेरीलँडमधला विद्यार्थी आईवडिलांच्या घरातून ‘झेडझेडटी’ नावाचा गेम विकू लागला. पडद्यावर चित्रे नव्हतीच. अक्षरे आणि चिन्हे यांचेच राक्षस, भिंती आणि किल्ल्या. पण गेमच्या आतच एडिटर होता, आणि पाटीवर लिहिल्यासारखी साधी आज्ञावली. विकत घेणाऱ्याला तो गेम संपवता येई तसा पुन्हा मांडताही येई. हा विचार पूर्णपणे स्वीनीचा एकट्याचा नव्हे. टेक्सासच्या इड सॉफ्टवेअरने १९९३च्या ‘डूम’मध्ये नकाशे आणि चित्रे मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवून खेळाडूंना मोठेच दार उघडून दिले होते. पण गेम बनवण्याची अवजारे हाच गेमचा गाभा, ही धारणा स्वीनीने पुढेही सोडली नाही. मे १९९८मध्ये ‘अनरियल’ आला. कॅनडातल्या डिजिटल एक्स्ट्रीम्स या स्टुडिओबरोबर मिळून तो केलेला होता, आणि त्याच्यासोबत ज्या एडिटरने एपिकने स्वतः तो गेम घडवला तोच ‘अनरियलएड’ खेळाडूच्या हाती आला.

हा एडिटर कसा चालतो ते मराठी वाचकाला सांगणे सोपे आहे, कारण त्याची रीत आपल्या ओळखीची आहे. इतर बहुतेक एडिटरांत सुरुवातीला मोकळी पोकळी असते. तुम्ही भिंती उभ्या करता, छत घालता, वाड्यासारखे बांधकाम करता. अनरियलएडमध्ये उलटे आहे. तिथे सुरुवातीला सगळे विश्व भरीव असते, एक अखंड कातळ. तुम्ही लाल रेषांचा एक ठोकळा हवा तेवढ्या लांबी-रुंदीचा करून त्या कातळात ठेवता आणि ‘वजा’चे बटण दाबता. तेवढा भाग कातळातून निघतो आणि खोली तयार होते. तिच्या कडा आता पिवळ्या दिसतात. तिला लागून दुसरा ठोकळा वजा केला की दालन. एखादा खांब हवा असेल तर कोरलेल्या पोकळीत थोडा दगड परत ‘अधिक’ करायचा. वेरूळचे कैलास लेणे असेच वरून खाली दगड काढत काढत प्रकट झाले. शेवटी सारे पुन्हा ‘बिल्ड’ करायला सांगायचे, म्हणजे संगणक उजेड-सावली मोजून देतो. तेव्हाच्या पेंटियमवर मोठ्या नकाशाला यात चांगलाच वेळ जाई. मग आपणच कोरलेल्या त्या दालनात शिरून हिंडायचे. शिवाय गेमचे बरेचसे वागणे, म्हणजे शत्रू कधी पळतो, गोळी किती वेगाने जाते, हे अनरियलस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेले असे आणि ती संहिता एडिटरमध्ये उघडून वाचता येई. व्यावसायिकांनी लिहिलेला असा चालता प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचायला मिळणे ही शिकणाऱ्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

‘अनरियल’ इंटरनेटवर खेळताना अडखळत असे, आणि तो सुधारायला दुरुस्तीच्या फाइलींवर फाइली, म्हणजे पॅच, काढाव्या लागल्या. जोडखेळ म्हणून सुरू झालेले काम वाढत जाऊन ‘अनरियल टूर्नामेंट’ हा स्वतंत्र गेम झाला. त्यात ‘म्युटेटर’ नावाची सोय होती. मूळ गेमला धक्का न लावता त्यावर चढवायचा छोटा बदल: गुरुत्वाकर्षण कमी करा, सगळी हत्यारे काढून एकच ठेवा, एका गोळीत बाद करा. असे म्युटेटर कुणीही लिहावेत आणि इतरांनी आपल्या फोल्डरमध्ये टाकावेत. एकट्याने खेळणाऱ्यासाठी माणसासारखे खेळणारे ‘बॉट’ होते, आणि त्यांची गोष्ट या लेखाच्या मुद्द्याला थेट लागते. ते लिहिणारा स्टीव्ह पोल्ज मूळचा हौशी. त्याने ‘क्वेक’ या प्रतिस्पर्धी कंपनीच्या गेमसाठी स्वतःहून ‘रीपर बॉट’ तयार केला, तो लोकांनी उचलून धरला आणि एपिकने त्याला नोकरीवर घेतले. उघड्या दारातून आत आलेला माणूस पुढे घर बांधू लागला. आणखी एक लहानशी पण मोलाची गोष्ट: हा गेम थ्रीडी कार्ड नसलेल्या संगणकावरही, कमी देखणा का होईना, चालत असे.

आता आक्षेप. पहिला असा, की एडिटर उघडतो कोण? शंभरातले बहुतेक जण गेम खेळून बंद करतात. खरे आहे. पण इथे संख्येने काही ठरत नाही. ‘हाफ-लाइफ’ विकत घेणाऱ्यांपैकी मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी त्याचा एक मॉड, म्हणजे फेरबदल केलेली आवृत्ती, जून १९९९मध्ये इतरांसाठी खुली केली. तिचे नाव ‘काउंटर-स्ट्राइक’. वर्ष-दीड वर्षातच ‘हाफ-लाइफ’ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ती आपली म्हणून विकायला काढली, आणि मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत, इंजिनीअरिंगच्या होस्टेलांत एका केबलीने जोडलेल्या संगणकांवर जे खेळले गेले ते हेच. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकांवर खेळणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांनी एडिटर पाहिला असेल; पण ते खेळत होते ती वस्तू एडिटर उघडणाऱ्या दोघांनी घडवलेली होती. ‘स्टारक्राफ्ट’च्या नकाशा-एडिटरमधून निघालेला एक हौशी नकाशा हा ‘डोटा’चा पूर्वज, आणि ‘डोटा’वरून तर खेळाचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. बियाणे मूठभरच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: शेवटी जिंकले कन्सोलच, आणि खुद्द एपिक त्यांच्याकडे गेली. ‘अनरियल टूर्नामेंट’ प्लेस्टेशन टूवर आला, आणि २००६मध्ये कंपनीने आपला मोठा गेम ‘गिअर्स ऑफ वॉर’ आधी एक्सबॉक्स ३६०साठी काढला. पैसा तिकडे होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कन्सोल म्हणून जे आले त्याच्या आत डोकावावे. नोव्हेंबर २००१मध्ये विकायला आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा पेंटियम थ्री जातीचा प्रोसेसर होता, एनव्हिडियाची चित्रचिप होती आणि नावातला ‘एक्स’ विंडोजच्या डायरेक्टएक्सवरून आलेला होता. पीसीनेच पोसलेली तंत्रे कुलूपबंद खोक्यात घालून दिली गेली. गेमही तसेच. कन्सोलवर चालणारे कितीतरी गेम ज्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत प्रोग्रॅमवर, उभे होते ते पीसीवर, खेळाडूंच्या डोळ्यांदेखत घडलेले होते. एडिटर इतका नीट केलेला असल्यामुळेच दुसऱ्या स्टुडिओंना ते इंजिन भाड्याने घेणे परवडले. ‘डेयस एक्स’ अनरियलच्या इंजिनावर झाला, २००१चा हॅरी पॉटरचा पीसी गेमही त्यावरच, आणि २००२मध्ये अमेरिकी लष्कराने भरतीच्या प्रचारासाठी काढलेला ‘अमेरिकाज आर्मी’सुद्धा. खेळाडूसाठीचे अवजार आणि धंद्याचे भांडवल ही इथे एकच वस्तू होती, आणि माझ्या मते कॅरीतल्या या कंपनीच्या यशाचे मूळ त्यातच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि त्याला पुरते उत्तर नाही. हौशी पोरांनी रात्री जागून नकाशे कोरले, बॉट लिहिले, आणि त्यामुळे कंपनीचा गेम वर्षानुवर्षे विकला गेला. त्यांच्या हाती काय आले? परवान्यात मॉड विकायला मनाई असे. हे श्रम फुकट वापरले गेले, असे म्हणणाऱ्याला खोडून काढता येत नाही. एपिकने एनव्हिडियाबरोबर दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची मॉड-स्पर्धा घेतली आणि पहिल्या बक्षिसात इंजिनाचा व्यावसायिक परवानाही ठेवला, तेव्हा ही उणीव तिला कळलेली होती असे दिसते. २००४मध्ये ती स्पर्धा जिंकलेल्या ‘रेड ऑर्केस्ट्रा’च्या मंडळींनी त्याच परवान्यावर ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह ही स्वतःची कंपनी काढली. पण सगळ्यांच्या वाट्याला असे बक्षीस येत नाही. एवढे मान्य करूनही मला वाटते, की बंद खोक्याने या पोरांना मोबदला दिला नसता आणि कौशल्यही दिले नसते. वजा-अधिक करत शिकलेला हात त्यांच्यापाशी राहिला. २०१५पासून अनरियल इंजिन कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि कमाई झाल्यावर हिस्सा द्यायचा असतो. मोबदल्याच्या बाबतीत ही व्यवस्था निदान अधिक न्यायाची आहे.

चाचेगिरीचाही मुद्दा काढला जातो. नकली सीडींनी पीसीचा बाजार पोखरला, हे महाराष्ट्रातल्या कुणालाही पटेल. रस्त्यावर मिळणाऱ्या सीडीचा भाव आणि मूळ खोक्याची किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. नुकसान झालेच. पण ते सोसूनही जे गेम टिकले त्यांत खेळाडूंनी भर घालावी असे गेम ठळकपणे दिसतात, हेही त्याबरोबर नोंदवायला हवे.

कॅरीत आज एपिकची ओळख ‘फोर्टनाइट’ची कंपनी अशी आहे. २०२१च्या आरंभी तिने कॅरी टाउन सेंटर हा १९७९पासूनचा जुना मॉल साडेनऊ कोटी डॉलरना विकत घेतला, तिथे मुख्यालय उभारायचे म्हणून. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तिने आपले जुने अनरियल गेम विक्रीतून काढले आणि जानेवारी २०२३मध्ये त्यांच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या. त्या दिवसापासून ‘अनरियल टूर्नामेंट’चा ऑनलाइन खेळ बंद पडायला हवा होता. इंटरनेटवर कोणकोणते सामने चालू आहेत याची यादी देणारा कंपनीचा मुख्य सर्व्हरच गेला होता. पण त्या सर्व्हरचा पत्ता गेमच्या फोल्डरमधल्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. नोटपॅडमध्ये ती उघडायची, पत्त्याची ओळ शोधायची, आणि कंपनीच्या जागी हौशी मंडळींनी चालवलेल्या सर्व्हरचे नाव टाकायचे. ओल्डअनरियल नावाचा स्वयंसेवकांचा गट एपिकच्याच संमतीने या गेमचे नवे पॅच काढतो आहे, नव्या विंडोजवर आणि लिनक्सवरही तो चालावा म्हणून. फाइल जतन केली, गेम सुरू केला, की सामन्यांची यादी पुन्हा उमटते, आणि त्यात १९९९च्या खोक्यात कधीच नसलेल्या, कुणीतरी मागाहून कोरलेल्या नकाशांची नावे असतात.