प्रार्थना करा, गोळ्याही घ्या

‘पाळकांनी प्रार्थना केली, खोकला थांबला, आता गोळ्या कशाला?’ असे विचारणारे क्षयरुग्ण आढळतात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप-खोकला उतरतो. पण जंतू शिल्लक असतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा ६ महिने चालतो. मध्येच सोडल्यास आजार उलटतो, नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो आणि घरच्यांनाही लागण होऊ शकते.

श्रद्धा उपचाराच्या आड येत नाही. नव्या करारात लूकचा उल्लेख वैद्य म्हणूनच आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले, तेही श्रद्धेपोटीच.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. प्रार्थना जरूर करावी. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत.