हार्ट्सच्या डोंगरांतील नऊ दिवस

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या जर्मनींत गॉटिंगेन येथें भूगोलाचें उच्च शिक्षण घेत आहे. गेल्या वैशाखांत तिचें एक पत्र आलें, आणि त्या पत्रानें तीन दिवस आमच्या पंक्तीला दुसरा विषय म्हणून राहूं दिला नाहीं. हल्लींचें पत्र टपालाचें नव्हे; संगणकावरून येतें व क्षणांत पोहोंचतें. पण वाचणारीं माणसें तींच जुनीं, त्यामुळें वाद पूर्वींइतकाच सावकाश चालतो.

पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा होता. तेथील भूगोलाच्या विद्यार्थ्यांस वर्गांतील अध्ययनाबरोबर ठराविक दिवस प्रत्यक्ष स्थळीं जाऊन अभ्यास करावा लागतो. जवळपासच्या एकेक दिवसाच्या फेऱ्या करूनही हे दिवस भरतां येतात. परंतु तिच्या अध्यापकांनीं हार्ट्स पर्वतांत नऊ दिवसांची अभ्याससहल योजिली होती व तिला तींत जावयाचें होतें. खर्च तीनशें युरो, म्हणजे आपले जवळजवळ तीस हजार रुपये.

बंधु व्यवसायानें हिशेबनीस. जर्मनींतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणीं शिकवणीची फी नाहीं, हें खरें. पण व्हिसासाठीं वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेंत अडकवून ठेवावी लागते, व ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरांत ११,९०४ युरो झाली. ते म्हणाले, "अण्णा, कर्ज काढलें तें पोरीनें शिकावें म्हणून. डोंगरच चढायचा तर सह्याद्रि काय वाईट होता?" आमच्या मातोश्री अठ्याऐंशींच्या आहेत. त्या जपमाळ न थांबवितां एवढेंच बोलल्या, "काशीला गेलेल्यानें गंगेंत उतरायचें नाहीं, असें कां?"

निर्णय थोरले म्हणून आमच्याकडे आला. येथें आम्हांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. २००५ सालीं आमची स्वतःची कन्या इतिहास घेऊन बी. ए. ला होती व तिच्या वर्गाची सहल हंपीस निघाली होती. आम्हीं तिला जाऊं दिलें नाहीं. पैशाची अडचण नव्हती. आम्हीं तिच्या हातांत सीवेलचें विजयनगरावरील पुस्तक ठेवलें आणि सांगितलें कीं, जें पाहावयाचें तें सर्व यांत आहे. ती कांहीं बोलली नाहीं. आज ती एका शाळेंत इतिहासच शिकविते. दोन वर्षांपूर्वीं सहज बोलतां बोलतां म्हणाली, "बाबा, तुंगभद्रा हंपीच्या कोणत्या अंगानें वाहते, हें मला अजून नकाशा पाहूनच मुलांना सांगावें लागतें." तिनें तें हंसत सांगितलें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

तेव्हां तीस हजार रुपये आमच्या निवृत्तिवेतनांतून जातील असें सांगून आम्हीं वाद मिटविला.

गॉटिंगेन हें नांव संस्कृत शिकविणाऱ्या माणसास परकें नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापक असतांना ज्यांनीं येथील शास्त्र्यांपाशीं बसून व्याकरण घोटलें व पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ते कीलहॉर्न पुढें याच विद्यापीठांत संस्कृताचे अध्यापक झाले आणि १९०८ सालीं त्याच गांवीं वारले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी १८८५ सालीं दिली ती याच विद्यापीठानें. आम्हीं हें सर्व पुतणीस मोठ्या उत्साहानें लिहिलें. तिचें उत्तर आलें, "काका, माझ्या वर्गांत तुमचे कीलहॉर्न कोणासच ठाऊक नाहींत. येथें जो तो गाऊसची गोष्ट सांगतो." गणिती गाऊसही थोरच, त्यानें व वेबरनें १८३३ सालीं या गांवांत विजेच्या तारेवरून संदेश धाडले. तरी आम्ही थोडे हिरमुसलों, हें कबूल केलें पाहिजे.

हार्ट्स हा पर्वत गॉटिंगेनच्या ईशान्येस आहे. सहलीचा आरंभ गोस्लार या जुन्या शहरीं झाला. तेथें अकराव्या शतकांतील सम्राटांचा प्रासाद आहे आणि गांवाच्या पाठीशीं रामेल्सबेर्ग नांवाचा डोंगर. या एका डोंगरांतून हजार वर्षांहून अधिक काळ चांदी, तांबें, शिसें व जस्त निघत होतें. १९८८ सालीं खाण बंद झाली. राजवाडा तेथें कां, याचें उत्तर पाठीमागच्या डोंगराच्या पोटांत आहे, असें पुतणीनें लिहिलें. हें वाक्य पाठ्यपुस्तकांतलें नसावें.

पण सहलीचें मर्म आम्हांस पटलें तें चौथ्या दिवशीं. प्रत्येक विद्यार्थ्यास एकेक स्थळ आधींच नेमून दिलेलें असतें. त्यानें घरीं वाचून यावें व त्या स्थळीं उभें राहून इतरांस समजावून द्यावें. आमच्या पुतणीच्या वांट्यास क्लाउस्टालजवळील पाण्याचे पाट आले. या डोंगरांतल्या खाणी जसजशा खोल गेल्या तसतसें त्यांत पाणी सांचूं लागलें. तें उपसावयास शक्ति हवी, आणि तेथें शक्ति एकच, ती म्हणजे पाणी. म्हणून खाणवाल्यांनीं डोंगरमाथ्यावर शंभराहून अधिक तळीं बांधलीं, तीनशें किलोमीटरांहून लांब पाट डोंगराच्या कडेकडेनें अगदीं अल्प उतारानें खणले, आणि त्या पाण्यानें मोठमोठीं चाकें फिरवून खाणींतलें पाणी वर काढलें. पाण्यानेंच पाणी उपसावयाचें! तळ्यांचे बांध पाणी धरावेत म्हणून गवताचीं ढेपळें मुळांसकट एकावर एक दडपून बसवीत. माल ओढण्याचे दोर व सांखळ्या वारंवार तुटत, तेव्हां याच क्लाउस्टालांत आल्बेर्ट नांवाच्या खाण-अधिकाऱ्यानें १८३४ सालीं लोखंडी तारांचा पिळलेला दोर बनविला; आजच्या उद्वाहकाचा दोर तो त्याचाच वंशज.

हें सर्व ती बांधावर उभी राहून, पावसांत, वीस मिनिटें जर्मन भाषेंत बोलली. अध्यापकांनीं दोनच प्रश्न विचारले. दुसरा असा कीं, या पाटाचा उतार तूं पायांनीं ओळखलास कीं पुस्तकांतून? तिला उत्तर देतां आलें नाहीं. मग सर्वांनीं पाटाच्या कडेनें दोन तास चालून तो उतार पाहिला. परत आल्यावर अहवाल लिहावयाचा, तोही आपण काय पाहिलें याचा; काय वाचलें याचा नव्हे.

हें वाचून आम्हांस आमच्या शाळेच्या सहली आठवल्या. आम्हींही पुष्कळ नेल्या. सकाळीं गाडी, वाटेंत अंताक्षरी, दुपारीं पुरीभाजी, गडावर एक छायाचित्र व सायंकाळीं डोकीं मोजून परत. डोकीं बरोबर भरलीं कीं आम्ही देवाचे आभार मानीत असूं. डोक्यांत काय भरलें, हें कधीं मोजलें नाहीं.

ब्रोकेन हें या पर्वताचें सर्वोच्च शिखर, उंची ११४१ मीटर. वर्षांतील तीनशेंच्या आसपास दिवस त्यावर धुकें असतें. सूर्य पाठीशीं असला तर त्या धुक्यावर आपलीच प्रचंड छाया रंगीत कड्यांसह दिसते. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावरील इंद्रवज्र तें हेंच. पुतणीस धुकें भरपूर मिळालें, सूर्य मिळाला नाहीं. गटे १७७७ च्या डिसेंबरांत बर्फांतून हें शिखर चढला होता. गॉटिंगेनचा विद्यार्थी हाइने १८२४ सालीं पायीं आला व त्यानें या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. आतां धुराच्या इंजिनाची अरुंद आगगाडी थेट माथ्यापर्यंत जाते. मात्र १९६१ च्या ऑगस्टपासून ३ डिसेंबर १९८९ पर्यंत या शिखरावर सामान्य माणसास पाऊल टाकतां येत नव्हतें. दोन जर्मनींची सीमा जवळून जात होती आणि माथ्यावर तटबंदीआड पलीकडचें संभाषण चोरून ऐकण्याचीं ठाणीं होतीं.

चढतांना वाटेंत दोहों बाजूंस करडीं, निष्पर्ण झाडें उभीं. तिला प्रथम वणवा लागून गेला असें वाटलें. तो वणवा नव्हता. खाणींस लांकूड लागे, म्हणून पूर्वींच्या मिश्र अरण्याच्या जागीं एकट्या स्प्रूस वृक्षाची लागवड झाली होती. २०१८ पासूनच्या अवर्षणानें तीं झाडें दुबळीं झालीं व सालींतल्या किड्यानें डोंगरच्या डोंगर खाल्ले. मेलेल्या खोडांखालीं बर्चचीं रोपें आपोआप येत आहेत, असें तिनें लिहिलें आहे.

शेवटच्या दिवसाचें पत्र चार ओळींचें होतें. "आज डोरा पाहिलें. जेवले नाहीं. उद्यां लिहीन."

नॉर्डहाउझेन शहराजवळ कोनश्टाइन नांवाची टेंकडी आहे. १९४३ च्या ऑगस्टपासून नाझी राजवटीनें तींतील बोगद्यांत कैदी आणले व त्यांच्याकडून लांब पल्ल्याचे अग्निबाण करविले. पहिले कित्येक महिने कैदी त्या बोगद्यांतच झोंपत. सुरुंगांचा धूर, थंडी, अंधार, दिवसाचा उजेड नाहीं. एकंदर सुमारें साठ हजार कैद्यांपैकीं वीस हजार मेले. तो अग्निबाण शत्रूवर पडून जेवढे मेले त्याहून अधिक तो घडवितांना मेले. ज्याच्या देखरेखीखालीं त्याची रचना झाली तो फॉन ब्राउन पुढें अमेरिकेस गेला, आणि १९६९ सालीं मनुष्यास चंद्राकडे नेणारें यानही त्याच्याच मार्गदर्शनाखालीं सिद्ध झालें.

परततांना गाडींत कोणी बोलत नव्हतें. एका वर्गमित्रानें एवढेंच सांगितलें कीं, त्याचे पणजोबा नॉर्डहाउझेनचे. घरांत हा विषय कधीं कोणी काढला नाहीं.

पत्र वाचून आमच्या भावजयबाई म्हणाल्या, "मुलांना असल्या जागीं नेतात तरी कशाला?" त्यांचे डोळे भरले होते; आम्हीं उत्तर दिलें नाहीं. बंधूंनीं पत्र दोनदां वाचलें. मग हिशेबनिसाच्या स्वभावास अनुसरून एकच प्रश्न लिहून पाठविला: शहर तेथून किती दूर? उत्तर आलें: पायीं तास-सव्वातास. ते बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं तीस हजार रुपये आणून आमच्यापुढें ठेवले. आम्हीं ते घेतले नाहींत. त्यांनीं उचलले नाहींत. शेवटीं मातोश्रींनीं ते आपल्या डब्यांत ठेवून दिले.

ते रुपये आतां लागणार आहेत. येत्या दिवाळींत आमची कन्या माहेरीं येत आहे व भाऊबीज आटोपली कीं हंपीस निघावयाचें ठरलें आहे. तिकिटें तिनेंच काढलीं, त्यांत एक आमचें. सीवेल घरीं ठेवावा, अशी तिची अट आहे.